पहिला भाग चालतो, मग दुसरा का नाही?

मालिकेचा पहिला भाग पोरीनं वाचला तर त्याला कुतूहल म्हणतात. तिनं दुसरा मागितला की घरात आणि ग्रंथालयात सगळ्यांना एकदमच तिची काळजी वाटू लागते. नागपुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथ निवड समितीवर मी आहे आणि गेल्या बैठकीत नेमकं हेच झालं. फे (परीलोकातले जीव) आणि व्हॅम्पायर यांच्या प्रेमाची एक इंग्रजी कादंबरी-मालिका आहे. तिचा पहिला भाग कुणीतरी देणगीत दिलेला. तो इतका फिरला की पुठ्ठा सुटून बांधणीला टाकावा लागला आणि मागच्या चिठ्ठीवर शिक्क्यांना जागा उरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिठ्ठी डकवली गेली. दुसऱ्या भागाची मागणी सूचनावहीत वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नोंदलेली होती. खरेदीच्या यादीत तो आला आणि बैठकीत खोडला गेला. कारणं तीन: त्यात 'तसले' प्रसंग आहेत, तो इंग्रजीत आहे, आणि असल्या पुस्तकांना साहित्य म्हणत नाहीत.

यातलं एकही कारण मला पटत नाही. चौथं एक आहे, जे बैठकीत कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्यात मात्र दम आहे. त्याच्याकडे येतेच.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथले फे म्हणजे चांदोबातल्या पंखवाल्या पऱ्या नव्हेत. ते शेकडो वर्षं जगतात, दिसायला देखणे, स्वभावानं क्रूर. खोटं बोलता येत नाही, म्हणून खरं बोलूनच फसवतात. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोककथांमध्ये त्यांना लोखंड सोसत नाही, त्यांच्या राज्यातलं अन्न खाल्लं की माणूस तिथेच अडकतो आणि त्यांना दिलेला शब्द मोडता येत नाही. व्हॅम्पायरची ओळख करून द्यायला नको, १८९७ च्या 'ड्रॅक्युला'नं ते काम केव्हाच केलंय. अशा अद्भुत जगात प्रेमकथा घडली की त्याला हल्ली रोमॅन्टसी म्हणतात, म्हणजे रोमान्स अधिक फॅन्टसी. प्रकार किरकोळ नाही. जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका ड्रॅगनवाल्या मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या पहिल्या आठवड्यातच २७ लाख प्रती खपल्याचं प्रकाशकानं जाहीर केलं. परदेशात ही लाट टिकटॉकवरून आली. आपल्याकडे ते ॲप जून २०२० मध्येच बंद झालं होतं, त्यामुळे धरमपेठेतल्या पोरींपर्यंत ती इन्स्टाग्रामच्या रील्समधून पोचली.

आणि त्या पोरी कुठे बसतात, हेही पाहावं. आज शहरातली कितीतरी ग्रंथालयं अभ्यासिकेच्या जोरावर तग धरून आहेत. सकाळी सातपासून जागा धरायला रांग असते. एमपीएससीवाल्या, नर्सिंगवाल्या, इंजिनिअरिंग संपवून मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या. कूलरच्या आवाजात दिवसभर बसतात, स्वतःची गाईडं स्वतःच आणतात आणि ग्रंथालयाच्या कपाटाला हातही न लावता रात्री घरी जातात. समितीच्या दर बैठकीत 'तरुण पिढी वाचत नाही' हा विषय निघतो. त्याच पिढीतली एक जण चालू घडामोडींच्या मासिकात एक जाडजूड कादंबरी लपवून वाचताना मी पाहिली आहे. कादंबरी घरून आणलेली होती, कारण आम्ही ती घेतली नाही. वाचक चालत दारात आलाय आणि आम्ही त्याच्या आवडीचं प्रगतिपुस्तक तपासत बसलोय.

आता साहित्याचं. हा आक्षेप विदर्भात बसून घेतला जातो, याचं मला खरोखर हसू येतं. रामटेक इथून तासाभराच्या वाटेवर. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं आणि आम्ही ते अभिमानानं मिरवतो. तर त्या काव्याचा नायक कोण? माणूस नव्हे, यक्ष. शाप भोगणारा, बायकोच्या आठवणीनं रोडावलेला, हातातलं कडं गळून पडलेला. दुसरा आमचा भवभूती. तो आपलं मूळ गाव पद्मपूर असल्याचं सांगतो आणि मिराशींच्या मते ते म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर. त्याच्या 'मालतीमाधव'चा पाचवा अंक वाचलाय का कुणी? प्रेमभंग झालेला माधव भुताखेतांना माणसाचं मांस विकायला रात्री स्मशानात जातो. मांस चघळणारी पिशाचं कवीनं इतकी रंगवून वर्णिली आहेत की जेवायच्या आधी तो अंक उघडू नये. एवढ्यात किंकाळी ऐकू येते. अघोरघंट नावाचा कापालिक मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला निघालेला असतो. माधव त्याला मारतो. मग त्या कापालिकाची शिष्या, आकाशातून उडत येणारी कपालकुंडला, सूड म्हणून मालतीला पळवते. आठव्या शतकातलं हे दहा अंकी नाटक आज इंग्रजीतून, मुखपृष्ठावर सोनेरी वेलबुट्टी काढून आलं असतं, तर आमच्या समितीनं खोडलंच असतं.

भवभूतीची आणि या कादंबरीची पातळी एक आहे, असं मी म्हणत नाही. दुसरा भाग मी भाचीकडून घेऊन वाचला. भाषा ठिकठिकाणी कच्ची आहे, नायकाचे डोळे दर दहा पानांनी कसलेतरी चमकतात आणि दीडशे पानं सहज गाळता आली असती. पण प्रेम, भय आणि अद्भुत यांचं मिश्रण झालं की दर्जा गेला, हा नियम कुणी केला? मराठी कादंबरीचं बालपण याच घरात गेलं. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा', दोन्ही अद्भुतरम्य. पुढे हरिभाऊ आले, वास्तव आलं आणि आम्ही त्या पूर्वजांना माळ्यावर टाकलं. नंतरच्या काळात गावोगावची वाचनालयं अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर जगली. आज गंभीर ग्रंथांची शिफारस करणाऱ्या सदस्यांपैकी काहींनी त्या उशीखाली ठेवून वाचल्या आहेत, आणि चहाच्या वेळी ते कौतुकानं सांगतातही.

रक्तपिपासूंचं तर आम्हाला वावडंच नाही. नारायण धारपांची 'लुचाई' आमच्या कपाटात मानानं उभी आहे आणि तिच्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. रक्त पिणारा प्राणी गावाचा फडशा पाडतो तोवर कुणाला काही वाटत नाही. एखादी मुलगी त्याच्याकडे बघून विचारात पडली की बैठक लांबते.

म्हणजे मुद्दा प्रसंगांचा आहे. ते आहेत आणि पहिल्या भागापेक्षा दुसऱ्यात जास्त आहेत, ते लपवायचं कारण नाही. हा मजकूर चौदा वर्षांच्या मुलीसाठी नाही. इथे प्रकाशकांनीही गोंधळ घातला आहे. या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका २०१५ पासून किशोर-तरुणांच्या विभागात विकली गेली आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून तिला मोठ्यांच्या विभागात नेलं. तोवर मधली पाच वर्षं गेली होती. म्हणून माझी सूचना साधी आहे: हे पुस्तक प्रौढांच्या कपाटात ठेवा, ज्याच्या सभासद कार्डावर वय १८ च्या वर आहे त्याला द्या, आणि बालविभागाच्या सहलीच्या दिवशी ते टेबलावर पडून राहणार नाही एवढं बघा. ग्रंथपालाला हे पाच मिनिटांचं काम. सरसकट खोडलं की काय होतं ते अमेरिकेतल्या युटा राज्यात दिसलं. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यभरच्या सरकारी शाळांमधून १३ पुस्तकं काढायला लावली आणि त्यांतली सहा एकट्या या गाजलेल्या मालिकेच्या लेखिकेची होती. तिथे निदान प्रश्न शाळांचा तरी होता. आमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुली मतदान करतात, त्यांतल्या काही उद्या तहसीलदार होतील.

मराठीत हा वाद कोर्टाची पायरी चढून आलाय, ते तर आम्ही विसरूनच गेलो. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की केवळ लैंगिक उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचं तर निव्वळ धार्मिक ग्रंथ तेवढे विकता येतील. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एका लोकप्रिय मराठी लेखकाच्या दिवाळी अंकातल्या कथेवर झालेला हा निर्णय. ती कथा थोर होती म्हणून सुटली नाही, हे लक्षात घ्यावं.

या मालिकांमध्ये दुसरा भाग का महत्त्वाचा असतो, ते आता सांगायला हवं. मी भाचीला म्हटलं होतं, "एक वाचलं ना, बास की." ती म्हणाली, "मावशी, दुसऱ्यातच तर सगळं आहे नं! पहिल्यात ती नुसती प्रेमात पडून राहते." तिचं बरोबर आहे. पहिल्या भागाचं काम नायिकेला त्या जगात ओढून नेण्याचं. तिला कुणीतरी वाचवतं, ती त्याच्यावर भाळते, पडदा. दुसऱ्या भागात त्या वाचवणाऱ्याच्या घरात राहायची वेळ येते. मी वर म्हटलेल्या त्या गाजलेल्या मालिकेचा दुसरा भाग २०१६ मध्ये आला आणि तो तर याच मुद्द्यावर उभा आहे. ज्यानं पहिल्या भागात तिच्यावर जीव ओवाळून टाकला, तोच लग्न ठरल्यावर तिला वाड्यात कोंडतो. कारण बाहेर धोका आहे. त्याला तिची काळजी आहे, त्याचं प्रेम खरं आहे, आणि वाड्याभोवती त्यानं मंत्राचं कुंपण घातलंय. त्या कोंडमाऱ्याचं वर्णन लेखिकेनं पानंच्या पानं केलं आहे. जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही, आणि जो कोंडतो त्याला हे दिसत असूनही तो कुंपण काढत नाही.

नागपुरातल्या वसतिगृहांच्या फाटकाला संध्याकाळी किती वाजता कुलूप लागतं, ते तिथल्या मुलींना विचारा. दहा मिनिटं उशीर झाला की घरी फोन जातो. मुलांच्या वसतिगृहाला तसलं फाटक असलं तरी त्याला कुलूप आहे की नाही हे कुणी बघत नाही. "तुझ्या भल्यासाठीच" हे वाक्य आमच्या पोरी वडिलांकडून, भावाकडून, वॉर्डनकडून आणि पुढे नवऱ्याकडून ऐकतात. काळजी कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो, याची चर्चा त्यांच्याशी कुणी करत नाही. शाळेत नाही, घरी तर नाहीच. ती एका फे सरदाराच्या वाड्यात होत असेल तर होऊ द्या की.

व्हॅम्पायरचंही तसंच. 'ड्रॅक्युला'त एक नियम आहे: घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. फे शब्दात बांधतात, व्हॅम्पायरला आमंत्रण लागतं. दोन्ही राक्षसांची सगळी मदार होकारावर. जुन्या कथांमध्ये तो होकार बायकांकडून झोपेत, संमोहनात, फसवून काढला जाई. आजच्या लेखिका तिथेच थांबतात आणि विचारतात की शुद्धीत विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती. सगळ्या जणी हे नीट करतात असं नाही. काहींनी निव्वळ जबरदस्तीला मखमली पडदा लावला आहे, आणि असली पुस्तकं वाचणं माझ्याच्यानं होत नाही. पण प्रश्न मांडलेला असतो, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुली तो किती बारकाईनं धरतात हे त्यांच्या गप्पा ऐकल्यावर कळतं. "त्यानं तेव्हा विचारलं होतं का तिला?" यावर अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर तर्री पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन दोघी तावातावानं भांडत होत्या. परिसंवाद म्हणून आम्ही जे भरवतो त्यात इतका जीव मी क्वचित पाहिला आहे.

आता ते चौथं कारण. या मालिकांमध्ये 'मेट' नावाची एक भानगड असते. विधात्यानं, जादूनं किंवा रक्तानं ठरवलेला जोडीदार. नायिका पहिल्याला सोडते, स्वतःच्या पायावर उभी राहते, लढायला शिकते, आणि चारशे पानांनंतर कळतं की दुसरा जो भेटला तो तिच्या नशिबातच होता. म्हणजे निवड केली असं वाटलं ते खोटंच. शिवाय हा दुसराही पहिल्याहून अधिक बलवान, अधिक श्रीमंत, पाचशे वर्षांचा. बाई मात्र जेमतेम विशीची. ज्या कुंपणातून तिला सोडवलं त्याच्याहून मोठ्या कुंपणात तिला आनंदानं नेऊन ठेवलंय. मला या पुस्तकांत खटकतं ते हे. शय्येवरच्या प्रसंगांपेक्षा हा बांधलेपणा जास्त घातक आहे, कारण तो वाचणारीला हळूच सांगतो की बाई, शेवटी ठरलेलं असतं.

आणि समितीत या मुद्द्यावर चकार शब्द निघाला नाही. निघणार कसा? आमच्याकडे लग्नाच्या गाठी स्वर्गातच बांधतात. वडाला दोरा गुंडाळून सात जन्मांचं आरक्षण होतं आणि छत्तीस गुण जुळले की नाही ते गुरुजी सांगतात. ठरलेल्या जोडीची कल्पना परक्या पुस्तकातून आली तरी ती घरचीच वाटते, म्हणून कुणाच्या डोळ्यांना टोचत नाही. टोचतं ते मुलीला स्वतःहून काही हवंसं वाटणं. दुसऱ्या भागावर खरी टीका करायची तर तो वाचावा लागतो, आणि वाचलेल्या चार जणी एका ठिकाणी बसाव्या लागतात. ती जागा ग्रंथालयाखेरीज कोणती?

इंग्रजीचं कारण मला सर्वांत कमकुवत वाटतं, पण त्याच्यामागे पैशाची अडचण आहे आणि ती खोटी नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आमची ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत बसवली जातात, अनुदान वर्गाप्रमाणे येतं आणि त्यातून कर्मचाऱ्यांचा पगार, वीजबिल आणि पुस्तकं भागवायची असतात. अशा जाड इंग्रजी कादंबरीची मूळ प्रत पाचशे-सहाशेच्या घरात जाते. तेवढ्यात दोन-तीन मराठी पुस्तकं येतात, हा हिशेब मलाही मान्य. पण मग मालिका घ्यायचीच नाही असं ठरवा आणि तसं सूचनावहीत लिहा. पहिला भाग ठेवून दुसरा नाकारणं म्हणजे वाचकाला सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर पाठवणं. तिथे तो दीडदोनशेला मिळतो. भाचीची प्रत तिथलीच होती: कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटतात, शाई बोटाला लागते आणि ऐन मोक्याच्या जागी सोळा पानांचा एक फर्माच गायब. मैत्रिणीनं तिच्या प्रतीतली ती पानं फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडली, तेव्हा कुठे गोष्ट पुढे सरकली. लेखिकेला त्यातून छदाम नाही, छापणाऱ्याचं नाव नाही आणि वयाची अट तर कुणी विचारतच नाही.

मराठीत का नाही, हा प्रश्न समितीला नव्हे, प्रकाशकांना विचारावा. अनुवाद काढा किंवा इथलं लिहून घ्या. साती आसरा आहेत, मुंजा आहे, चकवा आहे, झाडीपट्टीच्या नाटकांना अख्खी रात्र जागणारे प्रेक्षक आहेत. 'वाचक नाही' हे उत्तर नागपुरात तरी देऊ नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन पाहावं. लांबलांबून आलेली, हातावर पोट असलेली माणसं पुस्तकांच्या स्टॉलवर खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं असतात. परवडणारी किंमत आणि आपल्या कामाचा विषय एवढं जुळलं की लोक विकत घेऊन वाचतात, हे या शहराला १९५६ पासून ठाऊक आहे.

मार्चअखेरची खरेदी तोंडावर आहे. घाईघाईत मिळतील ती पुस्तकं घेऊन बिलं जोडायची प्रथा यंदाही पाळली जाईल, म्हणून माझी यादी मी आधीच दिली आहे. दुसरा आणि तिसरा भाग, प्रत्येकी एक प्रत, प्रौढ विभाग. सोबत एका संध्याकाळच्या चर्चेसाठी वाचनकक्ष मागितला आहे, विषय: 'ठरलेला जोडीदार'. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "ताई, हे पोरींच्या हातात द्यायचं का आपण?" मी त्यांना भाचीची प्रत नेऊन दिली आहे, गायब पानांच्या प्रिंटसकट. त्यांचा लेखी अभिप्राय पुढच्या बैठकीपर्यंत यायचा आहे.